सात बंद घरं

एक ठिपका बाकीच्यांपेक्षा काळा होता. झालं एवढंच. बाकी सकाळ रोजच्यासारखीच होती. खाली माझे वडील, अण्णा, फवारणीवाल्याशी फोनवर भांडत होते, गॅसवर दूध होतं, बाहेर नाचणे रोडवर कोणाचा तरी टेम्पो ते मेलं रिव्हर्सचं गाणं वाजवत मागे येत होता, आणि मी वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर चहाचा कप घेऊन बसले होते. पडद्यावर अख्खा रत्नागिरी जिल्हा ठिपके होऊन पसरला होता. एक माणूस, एक ठिपका. ज्यांची जनुकं एकमेकांच्या जवळची, त्यांचे ठिपके जवळ पडतात. कोणी कुठे बसायचं ते सांगावं लागत नाही. हर्ण्याचे मच्छीमार उजवीकडे वर, सावर्ड्याच्या बाजारातले मध्ये विखुरलेले, शहरातल्या आमच्या आळीतले डावीकडे अंगाला अंग लावून, पिढ्यान् पिढ्या एकमेकांतच लग्नं केल्यावर दुसरं काय होणार, आणि खाली राजापूरच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, राहणारी शेतकरी माणसं. मी ठिपके मुद्दाम फिकट रंगवते. दाटी असेल तिथे रंग आपोआप गडद दिसतो. पण सड्यावरच्या माणसांत हा एकच ठिपका असा होता, की आजूबाजूला दाटी नाही आणि तरी काजळासारखा काळा. मी तो मोठा करून पाहिला. आणखी मोठा केला. दोन माणसं शेजारी असली तर इतकं जवळ गेल्यावर फट दिसते. फट नव्हती. मग मशीनला सरळ विचारलं, इथे कोण कोण आहे? आठ जण आले. नावं नव्हेत, नावं मला दिसत नाहीत, आठ क्रमांक. त्यांतला एक सत्तरीपुढचा, एक तिशीच्या आतला, बाकीचे मधले. सख्ख्या भावांत निम्मं सारखं असतं, जुळ्यांत सगळं. आता आठ जुळे, आणि तेही चाळीस वर्षांच्या अंतराने जन्माला घालणारी आई काही अजून कोकणात झालेली नाही. म्हणजे नमुन्याच्या आठ नळ्यांत एकाच माणसाची थुंकी होती. "भार्गवे, अगो दूध!" अण्णा खालून ओरडले. करपलेल्या दुधाचा वास जिन्यावरून वर आला, तेव्हा माझ्या डोक्यात एक नाव आधीच येऊन बसलं होतं. दर्शना.

इतक्या पटकन कसं आलं, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. ओटा पुसता पुसता पुरावे गोळा करायला लागले. दर्शना त्याच सड्यावरच्या वाडीतली. वाडीचं नाव घ्यायची मला परवानगी नाही. राजापूर तालुक्यातल्या नळ्या गोळा करायचं काम तिच्याकडे होतं. तिची मुलाखत घ्यायला पुण्याहून उन्मेष आला होता. उन्मेष म्हणजे या सगळ्या अभ्यासाचा प्रमुख आणि माझा कॉलेजातला वर्गमित्र. त्याने विचारलं, तुला हेच काम का करायचंय? ती म्हणाली, "माझे बाबा काडीसारखे होते सर. गोड खायचं तर ते घरात असायला हवं ना? तरी साखर झाली. पाय काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. कुठलं कमी करणार होते? मला फक्त कळायला हवंय, आमच्यातल्या बारीक माणसांना हे का होतं." आम्ही तिला तिथल्या तिथे घेतलं. आता गॅसपाशी उभी राहून मला तेच उत्तर पाठ केल्यासारखं वाटायला लागलं. इतकं बरोबर उत्तर कोणी देतं का? आणि तिच्या वाडीतून एकही नकार नव्हता. आमच्या आळीत दारं वाजवली तर निम्मे लोक 'नंतर या' म्हणतात, आणि उरलेले आतून टीव्हीचा आवाज मोठा करतात. हर्ण्यात मासळीचा लिलाव सोडून नळीत थुंकायला कोणाला वेळ नसतो. आणि हिच्या वाडीत घरटी एक नळी, सगळ्या भरलेल्या, सगळ्या वेळेवर. ज्या आकड्यांत कोणीच नाही म्हणत नाही त्या आकड्यांत पाणी मुरत असतं, हे मी कॉलेजात शिकवायचे तेव्हा वर्षानुवर्षं पोरांना सांगितलंय. शिवाय तिने नवा मोबाइल घेतला होता. आता नळ्या खोट्या भरून मोबाइल कसा येतो, हे मला विचारू नका. तिला महिन्याचा ठरलेला पगार होता. पण संशयाला हिशेब लागत नाही. तो घरात शिरला की सगळी भांडी वाजवून बघतो.

आमच्या घरात तो आनुवंशिकच आहे. अण्णांना वाटतं, फवारणीवाला मोहोराच्या औषधात पाणी घालतो, बँकेतला मुलगा मुद्दाम सर्व्हर बंद आहे म्हणतो, आणि पेटीवर रत्नागिरी लिहिलं असलं तरी आत कर्नाटकातला आंबा असतो. हे शेवटचं अधूनमधून खरं निघतं, म्हणून बाकीचं सोडायला ते तयार नाहीत. मी त्याच संशयाचा पगार घेते. जगात आजवर जनुकांचे जे अभ्यास झाले ते बहुतेक युरोपातल्या लोकांवर. त्यांच्यावरून काढलेला आजाराच्या धोक्याचा आकडा आपल्याला लावला की दुसरीच्या मापाचं पोलकं घातल्यासारखं होतं, कुठे ढगळ, कुठे घट्ट. म्हणून आता सगळे म्हणतात, सगळ्या तऱ्हेची माणसं घ्या. घ्या म्हणणं सोपं आहे. सरसकट एकत्र केली की नवीच भानगड उभी राहते. हर्ण्यातले लोक रोज मासे खातात. मग हर्ण्यात जे जनुक जास्त, त्याच्याकडे बोट दाखवून मशीन म्हणणार, हे बघा मासे खायचं जनुक! त्या बिचाऱ्याचा माशांशी काही संबंध नसतो, ते नुसतं हर्ण्यात राहत असतं. तेव्हा आधी कोण कोणातला हे ओळखायचं, तेवढा फरक वजा करायचा, आणि मग जे उरेल त्यावर बोलायचं. हेच माझं काम. कोणावरही त्याच्या गोतावरून आळ येऊ नये, अशी मी व्यवस्था करते. गणितात. आणि गेल्या महिन्यात या वजाबाकीनंतर जनुकांतली एक खूण उरली होती. सड्यावरच्या माणसांत बरीच, बाकी कुठे जवळजवळ नाहीच, आणि ज्यांच्यात ती होती त्यांच्यात अंगाने बारीक असून साखर झालेले जास्त. युरोपातल्या लाखो लोकांत ती दिसणारच नव्हती, कारण त्यांच्यात ती नाहीच. मी कोणाला बोलले नव्हते. उन्मेषलासुद्धा नाही, आणि दर्शनाला तर नाहीच. पक्कं झाल्याशिवाय सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे. आता नेमकी त्या खुणेच्या बुडाशी ही आठ नळ्यांची घाण निघाली. मला राग आला तो त्याचा. माझी खूण हिने बुडवली, असं मनात आलं. ती खूण माझ्याआधी तिच्या बाबांची असेल, हे नाही आलं.

उन्मेषला फोन केला. तो म्हणाला, "चुकून झालं असेल तर आठांतला एक ठेव, सात गाळ, विषय संपला. मुद्दाम केलं असेल तर तिने आणलेलं सगळंच गाळायला लागेल. आणि तिला ठेवता येणार नाही. नुसतं काढून भागत नाही गं, तसं लेखी द्यावं लागतं. मग पुढे कोणी तिला या कामाला उभं करणार नाही." मी म्हटलं, "मुद्दामच केलंय." किती सहज निघालं तोंडातून! जसं काही मी स्वतःच्या डोळ्यांनी तिला नळ्या भरताना पाहिलं होतं. तो म्हणाला, "एकदा विचारून तरी घे. आठवडाअखेर सगळं बाहेर पाठवायचंय, तिकडचे थांबणार नाहीत." तिकडचे म्हणजे ज्यांच्याकडे आफ्रिकेतून, ब्राझीलमधून, फिनलंडमधून असेच ठिपके येऊन एकत्र होणार होते ते. तिकडचे म्हटलं की मला एक दुपार आठवते. शिकायला परदेशात होते तेव्हाची. माझा पहिला लेख परीक्षकाकडून परत आला होता. लेखात सात देशांचे आकडे होते, आणि परीक्षकाने अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं, की भारतातले आकडे जरा जास्तच नीटनेटके वाटतात, मूळ नोंदी बघायला मिळतील का? सातांत फक्त आमच्याच. मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तिथल्या साबणाचा तो कडू लिंबासारखा वास अजून नाकात आहे. मग तोंड धुऊन सगळ्या नोंदी पाठवल्या, वर आभारही मानले. माझे मार्गदर्शक म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस, ही पद्धतच आहे. फिनलंडला का नाही ही पद्धत, असं मी विचारलं नाही. त्या दिवशी अण्णांना आमटी वाढताना, कपडे वाळत घालताना ती दुपार सारखी पुढे येत राहिली, आणि मी तिला ढकलत राहिले. ते वेगळं होतं. तो आळ खोटा होता. इथे तर पडद्यावर दिसतंय. आठ म्हणजे आठ.

दुसऱ्या दिवशी दर्शना राजापूरहून एसटीने आली. मीच बोलावलं होतं, 'जरा काम आहे' एवढंच सांगून. येताना तिने आईने दळलेलं कुळथाचं पीठ आणलं. एरवी मी डबा उघडून वास घेतला असता, त्या दिवशी वाटलं, हिला कुणकुण लागलीय, म्हणून हे. अण्णांनी सवयीप्रमाणे "कुठली गो तू? कोणाची?" विचारलं, आणि मला त्याची लाज वाटली, मी मात्र रात्रभर तेच विचारत होते की मनात. ती वरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसली. मी म्हटलं, "तुमच्या वाडीतल्या नळ्या कुठे भरल्या?" "ज्याच्या त्याच्या घरी मॅडम. शिमग्यात, तुम्हीच म्हणाला होतात ना, मुंबईची माणसं घरी असतात म्हणून. आदल्या संध्याकाळी वाटल्या, सकाळी देवळापाशी गोळा केल्या." "वाटल्या कोणी?" "काशीरामकाकांनी. ते आमचे गावकर, वाडीचा मान त्यांच्याकडे. मला शेजारच्या वाडीत जायचं होतं." "भरताना तू समोर होतीस?" "थुंकताना?" तिला हसू आलं, ते तिने माझं तोंड बघून आवरलं. "काय झालंय मॅडम?" मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि तो काळा ठिपका दाखवला. आठ नळ्या, माणूस एक. मी म्हटलं, "खरं सांग. घरी बसून भरून घेतल्यास ना कोणाकडून तरी?" ती रडेल, चिडेल, शपथा घेईल, या सगळ्याची मी तयारी ठेवली होती, प्रत्येकाचा अर्थ काय लावायचा तेही ठरवलं होतं. ती म्हणाली, "बाकीच्यांच्यात असं काही निघालं नाही?"

निघालं होतं. शहरातल्या नळ्यांत दोन जोड्या अशाच सारख्या निघाल्या होत्या. त्या वरदने गोळा केलेल्या, वरद म्हणजे अण्णांच्या मित्राचा नातू. तेव्हा मी शेऱ्याच्या रकान्यात 'लेबल चिकटवताना चूक' असं लिहिलं आणि पुढे गेले. वरदला फोनसुद्धा केला नाही. बोलावलं असतं तर त्याच्याबरोबर त्याच्या आईने तांदळाचे पापड दिले असते आणि मी ते तळून खाल्ले असते. आपला तो बाब्या. आठ म्हणजे दुप्पट होतात, दोन जोड्यांत आणि आठांत फरक आहे, असं मी आतल्या आत भांडून पाहिलं, पण भांडायला समोर कोणी नव्हतं. आकड्यांतून जात मला वजा करता येते, पगार त्याचाच घेते. माझ्या डोक्यातून ती कोणी वजा करायची? छे, इतकं स्वच्छ मला तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त कान तापले. मी म्हटलं, "नाही. बाकी सगळं ठीक आहे." दर्शनाने मान हलवली. तिने क्रमांक मागितले. कोणता क्रमांक कोणाचा हे गोळा करणाऱ्यालाच ठाऊक असतं. मोबाइलमध्ये बघत एकेक ताडून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "हे सात जण मुंबईला असतात. यंदा शिमग्याला आलेच नव्हते का? पालखीच्या गर्दीत मला कळलंच नाही मॅडम." "आणि आठवा?" "आठवा काशीरामकाकांचा." तिने तिथल्या तिथे त्यांना फोन लावला आणि मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून.

"होय तर, मीच भरल्या!" काशीराम म्हणाले. मागे कोंबड्या ओरडत होत्या. "तुमच्या बायनी सांगितलेलं ना, घरटी एक पायजे म्हणून? मग बंद घरं काय गावाच्या भायर हायत? पालखी येते तवा त्यांच्या दारात मीच उभा ऱ्हातो. नारळ मीच देतो. सात घरांच्या चाव्या माज्याकडं हायत. सकाळी एकेकाचं दार उघडलं, केर काडला, त्याच्या पडवीत बसलो नि त्याची नळी भरली. ज्याची त्याच्या घरात. लबाडी नको. चौथ्या घरात तोंड सुकलं माजं, थुंकी येय ना. मग चिंच घेऊन समोर ठेवली नि तिच्याकडं बघत बसलो. खाल्ली नाय हां! तूच सांगितलेलंस, आधी काय खायचं नाय. कोणाला साखर हाय, कोणाला नाय, ता पण सगळं बरोबर सांगितलंय. माजी भावकी हाय ती." मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी इतकं हसले. एका घरातले दोघं आले की नात्यामुळे गणित बिघडतं, म्हणून 'घरटी एकच माणूस' हा नियम मीच घातला होता, आणि हा म्हातारा तो पाळण्यासाठी सात घरांचे केर काढत फिरला होता! पण हसतानासुद्धा डोक्याच्या एका कोपऱ्यात कोणीतरी विचारत होतं, हे दोघांनी आधी ठरवून तर नाही ना ठेवलेलं? चिंचेचं जरा जास्तच रंगवून नाही ना सांगितलं? दर्शना हसत नव्हती. काशीराम म्हणाले, "काय चुकलं काय, गो?" ती म्हणाली, "काय नाय काका. बायना वाटलं, मी चोरून भरल्या." तिकडे नुसत्या कोंबड्या ऐकू आल्या. "कोणाला वाटलं?" "ह्याच बायना." "बरं," काशीराम म्हणाले आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "अगं, विचारावं लागतं. पद्धत असते." माझ्याच तोंडून तो शब्द आला आणि साबणाचा तो कडू वास क्षणभर नाकाशी आला. ती म्हणाली, "हो मॅडम." चहा नको म्हणाली, एसटी चुकेल म्हणाली, अण्णांना वाकून नमस्कार करून गेली. मी उन्मेषला सगळं कळवलं, तोही हसला. त्याने सांगितल्याप्रमाणे सात गाळले, काशीरामांचा एक ठेवला. मग माझी खूण पुन्हा तपासली. जराशी हलली होती, पण होती. काशीराम आठदा मोजले गेले म्हणून ती दिसत होती, असं नव्हतं. वाडीतल्या बाकीच्या घरांत ती आपल्या पायांवर उभी होती. मला इतका आनंद झाला की मी त्या कुळथाच्या पिठाचं पिठलं केलं, आणि अण्णा म्हणाले, "आज काय गो, लॉटरी लागली?" जेवताना मी मनात दर्शनाला ती बातमी सांगायचा प्रसंगसुद्धा रंगवला. वर्षभराने, सगळं पक्कं झाल्यावर. ती आधी गप्प बसेल, मग विचारेल, म्हणजे बाबांचं खाण्यामुळे नव्हतं? आणि मी म्हणेन, नव्हतं गं. त्या रंगवलेल्या प्रसंगात तिने मला केव्हाच माफ केलेलं होतं. स्वतःच्या बाबतीत माझा संशय असा झोपून असतो.

सगळं बाहेर पाठवायच्या आदल्या दिवशी काशीरामांचा फोन आला. "भार्गवीबाय ना? वायच बोलायचं होतं. काल गावकी बसली. आमी सड्यावरच्या सगळ्या वाड्यांनी ठरवलंय, आमच्या नळ्या काडून टाका." मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "अहो काका, सगळं मिटलं की! दर्शनावर काही नाही आता." "तिच्यावर काय नाय ता आमाला म्हाईतच होतं. तुमाला आता समाजलं." "मी माफी मागते. गावात येऊन मागते." "या की. जेवायला या. राग नाय. पण ज्या घरात आमच्या पोरीवर चोरीचा आळ येतो, तिथं आमी आमची वस्तू ठेवत नाय." आवाज अगदी साधा होता, भाताचं बी कोणाकडून घ्यायचं ते सांगावं तसा. मी अजिजीने म्हटलं, "काका, हे तुमच्याच लोकांसाठी आहे हो. बारीक माणसांना साखर का होते..." "दर्शना पण तेच म्हणत होती. गावकीसमोर उभी ऱ्हाऊन सांगितलंन, काडू नका म्हणून. रडली पण. आमी म्हटलं, पोरी, तुज्यासाठीच करताव हे." खूण सापडलीय असं तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित ते थांबले असते. ओठावर आलं होतं. पण अजून पक्की नसलेली गोष्ट आमिषासारखी पुढे कशी टाकायची? आणि टाकली असती तरी त्यांनी ती खरी मानली असती का? बाईंना आमची थुंकी हवी आहे म्हणून बाई काहीही सांगतील, असंच मनात आलं असतं त्यांच्या. माझ्या आलं असतं. मी म्हटलं, "बरं काका." मग दुपारपासून मोबाइलवर निरोप यायला लागले, एकामागून एक, 'माझा नमुना काढून टाकावा', कोणी वर गुलाबाचं चित्र घालून, कोणी हात जोडून. कधीही, कोणतंही कारण न देता नमुना परत घेता येईल, हे संमतीपत्रातलं वाक्य मी फार प्रेमाने लिहिलं होतं. मुंबईहून त्या सात जणांचेही निरोप आले. ज्यांनी कधी थुंकलंच नव्हतं त्यांनीही आपली थुंकी परत मागितली. सगळ्यांत शेवटी दर्शनाचा आला. तिने लिहिलं होतं, 'मॅडम, माझाही काढा. नाइलाज आहे.'

काढायला काही वेळ लागत नाही. मशीन एकदा विचारतं, नक्की ना? मी होय म्हटलं. चित्र पुन्हा काढलं तेव्हा खालच्या बाजूला पडदा मोकळा होता. जिल्ह्याचा नकाशा म्हणून ते पाहणाऱ्या माणसाला तिथे कधी कोणी राहत होतं असं वाटलंही नसतं. मग मी खूण तपासली. कमी झाली नव्हती, गेलीच होती. ती खोटी होती म्हणून गेली, की ज्यांच्यात होती ती माणसं गेली म्हणून गेली, हे त्या पडद्यावरून आता कोणालाच कळणार नव्हतं. मी पुन्हा पुन्हा तपासलं. एखादी वस्तू आपल्या हातून समुद्रात पडावी आणि पाणी लगेच सपाट व्हावं, तसं झालं. एक मन म्हणे, होतीच खोटी. इतक्या थोड्या माणसांवर उभी असलेली खूण, तुझं मेलं वेड. तसं मानलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच त्याचाच संशय यायचा. उन्मेषने चित्र पाहून निरोप पाठवला, 'आता एकदम स्वच्छ दिसतंय. पाठवतो.' खाली अण्णा फवारणीवाल्याला विचारत होते, की खरं सांग, औषध किती घातलंस?

संध्याकाळी दर्शनाचा फोन आला. पुढच्या महिन्यापासून कामावर येणार नाही म्हणाली; राजापुरात एका काजूच्या कारखान्यात बघतेय. मी राहा म्हटलं, तिने ऐकून घेतलं. फोन ठेवेल असं वाटत असताना म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आमच्या नळ्या काढल्यात ना, त्याच्या आधी... बाबांसारख्या माणसांचं काही निघत होतं का त्यात?" काढलेल्या नमुन्यांबद्दल बोलायचं नाही, असा नियम आहे. पण नियम मला आठवला तो नंतर. आधी दिसली ती तिच्या गावकीतली बैठक, आणि 'तुज्यासाठीच करताव' ऐकून खाली बसलेली ही. होय म्हटलं तर हे ओझं ती जन्मभर वाहील, आणि ते ओझं मुळात माझं. नाही म्हटलं तर पडद्यावर आत्ता जे होतं त्याप्रमाणे ते शब्दशः खरंच होतं. यांतलं कुठलं मी तिच्यासाठी म्हणत होते आणि कुठलं माझ्यासाठी, देव जाणे.

"नाही गं," मी म्हटलं. "काहीच निघत नव्हतं."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच हलका झाला. "कालपासून जेवण जात नव्हतं मॅडम. वाटत होतं, माझ्यापायी काहीतरी गेलं."

मी वाट बघत राहिले. मी असते तर उलटं विचारलं असतं, नक्की का, दाखवा मला, मूळ आकडे पाठवा. तिने यातलं काहीच विचारलं नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.